पहिली गाडी बहुधा दुसऱ्याची जुनी असते

पहिल्या गाडीच्या आठवणी निघाल्या की बोलणं तिच्या वेगाकडे किंवा दिमाखाकडे क्वचितच वळतं. थंडीत चोक किती ओढायचा, दमट हवेत कुठली वायर पुसायची, दुसरा गिअर टाकताना कुरकुर होऊ नये म्हणून क्लच कसा दाबायचा, असल्याच गोष्टी निघतात. जुन्या गाडीच्या प्लगचा गॅप कित्येकांना अजून पाठ असतो. सध्याच्या गाडीचं बॉनेट उघडायची खिट्टी कुठे आहे, हे मात्र शोधावं लागतं. हे सगळं स्मरणरंजन म्हणून हसण्यावारी नेता येतं, आणि नेलंही जातं. पण या आठवणी जवळजवळ सगळ्या दुरुस्तीच्या आहेत, हा योगायोग नाही. माणसाचा जीव जडला तो हाताने उघडता येणाऱ्या, कळणाऱ्या, पुन्हा चालू करता येणाऱ्या वस्तूवर. त्यामुळे इथे प्रश्न नुसत्या मायेचा राहत नाही. विकत घेतलेलं यंत्र उघडण्याचा अधिकार कोणाचा, असा तो आहे.

बहुतेकांची पहिली गाडी कोरी नसते. ती आठ, दहा, पंधरा वर्षं वापरलेली, दोन-तीन हातांतून फिरलेली असते. म्हणजे आज कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी उद्या कुणाची तरी पहिली गाडी होणार आहे, आणि त्या माणसाला ती कितपत उघडता येईल हे आजच्या आराखड्यात, आजच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि आजच्या नियमांत ठरून जातं. ठरवणारे दोघं: कंपनी आणि पहिला ग्राहक. पहिल्या ग्राहकाला हमीच्या मुदतीपुरती फिकीर असते, कंपनीला पुढच्या विक्रीची. तिसरा मालक या व्यवहारात कुठेच नसतो. त्याच्या वतीने बोलायचं काम कायद्याचं आहे.

जुन्या पेट्रोल गाडीचं इग्निशन घ्या. ठिणगी क्रमाने एकेका प्लगला वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या दोन क्लिपा सोडल्या की टोपी हातात येते, रोटर वर ओढला की निघतो, आणि खाली पॉइंट, म्हणजे उघडमीट करणारे दोन संपर्क, दिसतात. मधल्या शाफ्टवरचा कॅम फिरतो, त्याचा उंचवटा पॉइंटच्या फायबरच्या टाचेला ढकलतो, पॉइंट उघडतात, कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्याच क्षणी प्लगवर ठिणगी पडते. पूर्ण उघडलेल्या पॉइंटमधलं अंतर अनेक चार सिलिंडरच्या इंजिनांत ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवायचं असतं. फीलर गेजचं, म्हणजे ठरावीक जाडीचं, पातं मध्ये सरकवलं की किंचित घासत जायला हवं. टाच झिजली की अंतर कमी होतं. अंतर कमी झालं की ठिणगी उशिरा पडते. ती उशिरा पडली की पिकअप जातो, इंजिन तापतं आणि पेट्रोल जास्त लागतं. म्हणून आधी गॅप, मग टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, हाच क्रम. उलट केलं तर गॅपला हात लावताक्षणी बसवलेलं टायमिंग पुन्हा हलतं. पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर टेंगूळ झालं असेल तर फीलर गेज खोटं सांगतं: पातं टेंगळावर टेकतं आणि खरं अंतर जास्तच राहतं. तेव्हा आधी तोंडं घासून सपाट करायची किंवा पॉइंट किती वेळ मिटलेले राहतात ते मोजणारं ड्वेल मीटर लावायचं. आणि नवे पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर पॉइंट बदलत बसू नये, शेजारचा कंडेन्सर बदलावा.

प्लग तर इंजिनाच्या पोटातली खबरच बाहेर आणायचा. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त, बहुधा चोक पूर्ण परत जात नाही. ओला तेलकट काळा असेल तर तेल वर येतंय, पिस्टनच्या रिंगांमधून किंवा वॉल्व्हच्या गाइडमधून. पांढरा, फोड आलेला प्लग जास्त घाबरवणारा: मिश्रणात पेट्रोल कमी आहे, टायमिंग फार पुढे गेलंय किंवा प्लगच चुकीच्या उष्णतामानाचा आहे, आणि असंच चालवत राहिलं तर पिस्टनला भोक पडतं. चारही प्लग क्रमाने मांडून ठेवले की कुठल्या सिलिंडरचा आजार आहे हे पाच मिनिटांत कळायचं.

हवा-पेट्रोलचं मिश्रण करणाऱ्या कार्बोरेटरचंही तसंच. आयडलिंगच्या मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवायचा, मग साधारण दीड फेरा बाहेर. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर तिथून थोडा आत, थोडा बाहेर करत सगळ्यात गुळगुळीत चाल सापडेल तिथे सोडायचा. तो जोराने आवळला तर सुईच्या टोकावर कडं उमटतं आणि मग तो कधीच नीट बसत नाही. जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, चोंदलं तर हवेने फुंकायचं, तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक केसभर मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं.

हे तपशील इतके सांगण्याचं कारण, त्यांचा घाट पाहावा. प्रत्येक बिघाडाला डोळ्यांना दिसणारं कारण होतं, कारणापर्यंत पोचायला तीन-चार हत्यारं पुरत होती, आणि केलेला बदल बरोबर की चूक याचं उत्तर सेल्फ मारताच मिळत होतं. अशा यंत्राशी ओळख होते. नवख्या माणसाला, ज्याच्याकडे पैसा कमी आणि वेळ जास्त असतो, त्याला गाडी परवडायची ती या ओळखीमुळेच.

आता दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवी, कारण जुन्या गाड्यांवर लिहिणारे ती गिळून टाकतात. त्या गाड्या घाणेरड्या होत्या आणि धोकादायक होत्या. कार्बोरेटर धूर आवरू शकत नव्हता, यामागे साधं रसायन आहे. तीन विषारी घटकांवर एकाच वेळी काम करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालायचं तर हवा आणि पेट्रोल यांचं वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ ठेवावं लागतं, दर क्षणाला. त्यासाठी एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर, इंजेक्टर आणि त्यांच्यामध्ये हिशेब करणारा संगणक लागतोच. ड्रम ब्रेक उतारावर तापले की पकड सोडायचे. समोरून धडक बसली तर ताठ स्टिअरिंगचा दांडा छातीत घुसायचा. पॉइंट काही हजार किलोमीटरवर पुन्हा बसवावे लागायचे. आज इरिडियमचे प्लग लाखभर किलोमीटर चालतात. दर महिन्याला बॉनेट उघडावं लागणं हा त्या गाड्यांचा गुण नव्हता. कार्बोरेटर परत यावा असं म्हणणाऱ्याला एका बंद बोगद्यात, जुन्या गाड्यांच्या रांगेत उभं करावं.

तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सने जवळीक मारली, ही नेहमीची तक्रार मला पटत नाही. उलट पुरावा १९९० च्या दशकातल्या गाड्यांमध्येच आहे. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाला गाड्या जुन्या झाल्यावरही धूर आवरतात की नाही हे तपासायचं होतं, म्हणून त्यांनी गाडीनेच स्वतःचे दोष ओळखावेत आणि ठरावीक भाषेत सांगावेत अशी सक्ती केली. १९९६ च्या मॉडेलपासून ती साऱ्या अमेरिकेत लागू झाली, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट आलं. त्याची सोळावी पिन बॅटरीची, चौथी-पाचवी अर्थची, आणि पुढे सहावी-चौदावी गाडीतल्या संगणकांना आपसांत जोडणाऱ्या कॅन नेटवर्कची ठरली. कुठल्याही कंपनीची गाडी, एकच सॉकेट, एकच कोडांची यादी. नियम हवेसाठी झाला होता. फायदा जुनी गाडी घेणाऱ्याला झाला.

आणि या सॉकेटवर जुन्या पद्धतीचं डोकं तसंच चालतं. गाडी मिस करते, सॉकेटला लावलेला स्कॅनर पी-०३०१ दाखवतो: पहिल्या सिलिंडरमध्ये पेट घेतला जात नाही. लगेच कॉइल विकत आणायची नसते. पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावायची, कोड पुसायचा आणि गाडी चालवून पाहायची. आता पी-०३०२ आला तर कॉइल गेली, कारण दोष तिच्याबरोबर सरकला. अजून ०३०१ च असेल तर तसाच प्लग बदलून पाहायचा, मग इंजेक्टर, आणि तरीही दोष जागचा हलत नसेल तर कॉम्प्रेशन मोजायचं. पी-०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. तिथे इंधनाची दुरुस्ती-टक्केवारी, म्हणजे संगणक किती टक्के जास्त पेट्रोल सोडतोय ते, आयडलिंगला आणि २५०० आरपीएमला वाचायची. आयडलिंगला फार वाढलेली आणि वेग वाढवला की खाली येणारी असेल तर इनटेकला कुठेतरी फट आहे, चिरलेली व्हॅक्यूम नळी शोधावी. भाराबरोबर वाढत जात असेल तर पेट्रोल पंप थकलाय किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलाय. पी-०४२० आला की लोक महागडं कन्व्हर्टर बदलतात. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला बारीक गळती असली तरी तोच कोड येऊ शकतो, हे आधी पाहिलेलं बरं. कोड म्हणजे निदान नव्हे, लक्षण; ही गोष्ट न कळल्यामुळे जितके चांगले सुटे भाग भंगारात गेलेत तितके अपघातात गेले नसतील.

म्हणजे संगणक आला म्हणून गाडी परकी होत नाही. परवानगी मागावी लागते तेव्हा ती परकी होते.

त्या सॉकेटची सक्ती फक्त धुराशी संबंधित भागांपुरती होती. ब्रेक, एअरबॅग, दरवाजे, दिवे, चाव्या, गिअरबॉक्स यांची भाषा प्रत्येक कंपनीने आपापली ठेवली, आणि गेल्या वीस वर्षांत गाडीतली बहुतेक वाढ याच भागांत झाली. इथे नीट चाळणी लावायला हवी. दुरुस्तीचा हक्क मागणारे अनेकदा सॉफ्टवेअरच्या सगळ्याच कुलपांना एका दोरीत बांधतात आणि मग कंपनीच्या इंजिनिअरला त्यांना खोडून काढणं सोपं जातं.

डिझेलचा इंजेक्टर बदलला की त्याच्या अंगावर छापलेला आकडा संगणकात भरावा लागतो. याला खरं कारण आहे: कुठलेही दोन इंजेक्टर अगदी सारखं डिझेल सोडत नाहीत, आणि त्या आकड्यावरून संगणक प्रत्येकाचा फरक भरून काढतो. आकडा भरला नाही तर चाल खडबडते, धूर वाढतो. मागचा ब्रेक इलेक्ट्रिक असेल तर पॅड बदलण्याआधी मोटरला पिस्टन मागे घेण्याचा हुकूम द्यावा लागतो. क्लॅम्प लावून जबरदस्तीने ढकललं तर आतले दाते तुटतात. समोरची काच बदलल्यावर तिच्यामागच्या, रस्त्यावर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे समोर फलक ठेवून त्याची नजर जुळवणं, टाळता येत नाही. कॅमेरा एक अंशाने तिरका राहिला तर ५० मीटरवरची वस्तू त्याला जवळपास ८७ सेंटिमीटर बाजूला दिसते, म्हणजे शेजारच्या लेनमधली गाडी आपल्या लेनमध्ये. हे तिन्ही सोपस्कार रास्त आहेत. रास्त नाही ते एवढंच की आकडा भरायची खिडकी, पिस्टन मागे घेण्याचा हुकूम आणि कॅमेऱ्यासमोर ठेवायच्या फलकाची मापं फक्त अधिकृत वर्कशॉपच्या संगणकात असावीत.

बॅटरीची गोष्ट त्याहून चमत्कारिक. अनेक गाड्यांमध्ये नवी बॅटरी बसवली की तिची नोंद करावी लागते, कारण बॅटरी म्हातारी होते तसं चार्जिंगचं गणित गाडी बदलत नेते आणि नव्या बॅटरीला जुनी समजून जास्त चार्ज करत राहते. तर्क बरोबर आहे. पण गाडीच्या मोठ्या पडद्यावर दिव्यांचे रंग बदलायला पानंच्या पानं असताना ‘बॅटरी बदलली’ एवढं एक बटण तिथे का नसावं, याला तांत्रिक उत्तर नाही.

आणि मग उरतात ती खरी कुलपं: गाडीच्या क्रमांकाशी जखडलेले भाग. भंगारातल्या तशाच गाडीतून काढलेला धडधाकट हेडलाइट, रेडिओ, दरवाजाचं मॉड्यूल किंवा मीटर आणून जोडला तर तो ‘हा माझा नव्हे’ म्हणून गप्प बसतो. यामागे चोरीला आळा हे कारण सांगितलं जातं, आणि इंजिनाचा संगणक व चावी यांच्यापुरतं ते खरंही आहे. खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या इमोबिलायझरमुळे गाडी पळवणं अवघड झालं. पण हेडलाइटला तीच शिक्षा का? एके काळी सात इंची गोल दिवा शेकडो मॉडेलांना चालायचा; नंतर एच-४ बल्ब एका तारेच्या क्लिपवर निघायचा. आज दिवा म्हणजे सीलबंद एलईडीचं अख्खं युनिट. एक डायोड गेला तरी युनिट बदला, आणि जुनं आणलंत तर ते जुळणार नाही. जुन्या भागांचा बाजार हा पहिल्या गाडीच्या मालकाचा कणा असतो. तो मोडला की दहा वर्षांची चांगली गाडी एका मॉड्यूलपायी भंगारात जाते, आणि तिच्या पोलादाला, काचेला, प्लास्टिकला लागलेली ऊर्जाही तिच्याबरोबर जाते. पर्यावरणाच्या नावाने नवी गाडी खपवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून दाखवावा.

चोरलेल्या गाडीचे भाग खपू नयेत, ही अडचण सुटण्यासारखी आहे. भाग ज्या गाडीतून निघाला तिचा क्रमांक चोरीच्या यादीत आहे का, एवढं तपासून जुळवणीची परवानगी देता येते. त्यासाठी कंपनीचा सर्व्हर लागेल, ठीक. पण त्या सर्व्हरला ‘जुना भाग नको, नवाच घ्या’ असं म्हणण्याचा अधिकार नसावा.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप सायबर सुरक्षेचा. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी दूर बसून, मोबाइल नेटवर्कवरून, चालत्या जीप चेरोकीचा ताबा घेऊन दाखवला, आणि कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर २०१८ च्या मॉडेलांपासून त्याच कंपनीने निदानाच्या सॉकेटमागे एक फाटक बसवलं: नोंदणीशिवाय कोड वाचता येतील, पण पुसणं किंवा हुकूम देणं नाही. यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की २०१५ चं भगदाड सॉकेटमध्ये नव्हतंच. ते कंपनीनेच बसवलेल्या, इंटरनेटला जोडलेल्या पडद्याच्या युनिटमध्ये होतं. खिडकीतून चोर शिरला म्हणून मालकाच्या हातची दाराची किल्ली काढून घेतली. फाटकाला माझा विरोध नाही. चालत्या गाडीच्या ब्रेकला कुणीही हुकूम देऊ नये हे उघड आहे. वाद फाटकावर कोण बसणार आणि काय मागणार याचा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने नेमका हाच मुद्दा निकालात काढला: कायद्यात नसलेल्या अटी, म्हणजे कंपनीकडे वैयक्तिक नोंदणी आणि तिच्या सर्व्हरशी पैसे मोजून जोडणी, कंपनीने परस्पर लादू नयेत. युरोपात २००७ च्या नियमापासूनच दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना द्यावी लागते, तीही तासाच्या, दिवसाच्या, महिन्याच्या भाड्याने. ही तासाच्या भाड्याची तरतूद कागदावर क्षुल्लक दिसते, पण वर्षातून एकदाच इंजेक्टरचा आकडा भरायचा असलेल्या माणसासाठी तीच कामाची.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये दुरुस्तीची माहिती मालकाला आणि स्वतंत्र गॅरेजांना द्यायला लावणारा कायदा केला. जानेवारी २०१४ मध्ये कंपन्यांनी तोच सगळ्या राज्यांत पाळण्याचा करार केला. मात्र सॉकेटमधून न जाता थेट हवेतून कंपनीकडे जाणारी माहिती त्यातून निसटली, आणि कंपन्या हळूहळू तिकडे सरकल्या. २०२० मध्ये तिथल्या सुमारे ७५ टक्के मतदारांनी ती माहितीही मालकाच्या ताब्यात द्या असा कौल दिला. खटले झाले. जून २०२३ मध्ये तिथल्या केंद्रीय रस्ते सुरक्षा संस्थेने हे धोकादायक आहे, पाळू नका, असं कंपन्यांना कळवलं, आणि ऑगस्टमध्ये स्वतःच वाट दाखवली: ब्लूटूथसारख्या जवळच्या अंतराच्या जोडणीतून दिली तर सुरक्षाही राहते आणि हक्कही. दोन महिन्यांपूर्वी जे अशक्य होतं ते एवढ्यानेच शक्य झालं. ‘सुरक्षा की दुरुस्ती’ असा पेच मांडला जातो तेव्हा हे उदाहरण आठवावं. ऑस्ट्रेलियाने तर जुलै २०२२ पासूनच्या आपल्या योजनेत चाव्या आणि कुलपांच्या माहितीसाठी दुरुस्ती करणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याची अट घातली आहे, बाकी माहितीसाठी नाही. अशी वर्गवारी करता येते.

धुराचा आक्षेपही खरा आहे: संगणक उघडा ठेवला तर लोक कन्व्हर्टर कापून, सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून मोकळे होतील. काही होतातच. पण बदललेल्या भागाची नोंद करणं वेगळं आणि इंधनाचे नकाशे, म्हणजे कधी किती इंधन सोडायचं याचे तक्ते, बदलणं वेगळं. दोन्हींना वेगवेगळी परवानगी ठेवणं सॉफ्टवेअरला जड नाही. आणि फेरफार पकडायची जागा वार्षिक तपासणी आहे. ब्रेक कोणी बसवले हे तपासणाऱ्याने विचारू नये, दोन्ही चाकांवर ते सारखे लागतात का हे रोलरवर मोजावं. हाच न्याय धुराला. अमेरिकेत तर २०१५ मध्ये, स्वतःच्या गाडीचं सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी उघडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू नये म्हणून खास सूट द्यावी लागली, यावरून कायदा किती दूर भरकटला होता ते कळतं.

मुदतीचाही एक घोळ आहे, त्याला कायदा अजून फारसा शिवलेला नाही. अनेक स्वयंचलित गिअरबॉक्सवर ‘आयुष्यभर पुरणारं तेल’ असं लिहिलेलं असतं. कोणाच्या आयुष्यभर? गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला असं सांगते. गाडी जेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या हातात जाते तेव्हाच हा आकडा जवळ आलेला असतो, आणि पुस्तिकेत त्याचा पत्ता नसतो. काही इंजिनांत टायमिंगचा रबरी पट्टा तेलात बुडवून चालवतात. तेल चुकीच्या प्रतीचं पडलं किंवा त्यात पेट्रोल मिसळत राहिलं तर पट्ट्याचे कण सुटतात, तेलाच्या पंपाची जाळी चोंदते आणि इंजिन तेलाविना चालतं. पहिल्या मालकाने स्वस्त तेल टाकलं, फळ तिसऱ्याने भोगलं. मोबाइल नेटवर्कवरून जोडलेल्या सेवांचंही तेच: अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी नेटवर्क बंद झालं तेव्हा कित्येक गाड्यांची अपघात झाल्यावर आपोआप मदत मागणारी यंत्रणा मुकी झाली. गाड्या मात्र व्यवस्थित चालत होत्या. म्हणून नियमात मुदत मोजायची ती विक्रीच्या तारखेपासून नव्हे, त्या मॉडेलची शेवटची गाडी बाहेर पडली तिथून, आणि किमान पंधरा वर्षं: भाग, माहिती आणि जुळवणीचा सर्व्हर, तिन्ही. कंपनीला त्याआधी सर्व्हर बंद करायचा असेल तर कुलपं उघडून मग बंद करावा.

विजेच्या गाडीत हा सगळा प्रश्न एका पेटीत येऊन बसतो. तिथे घरगुती हाताला मर्यादा आहे, आणि ती पाळलीच पाहिजे. ४०० व्होल्टचा बॅटरी पॅक म्हणजे त्याचा प्रवाह तोडणारं सर्व्हिस डिस्कनेक्ट काढायचं, कपॅसिटर रिकामे व्हायला पुस्तिकेत दिलेला वेळ थांबायचं, १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालून शून्य व्होल्ट मोजून खात्री करायची, आणि हे प्रशिक्षण घेतलेल्यानेच. पण प्रशिक्षित असणं आणि कंपनीचा नोकर असणं यांत फरक आहे. अशा पॅकमध्ये साधारण ९६ सेलगट एकामागे एक जोडलेले असतात, आणि सगळ्यात कमजोर गट साऱ्या पॅकची क्षमता ठरवतो. पॅक स्क्रूने उघडत असेल तर तो गट ज्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे काही गटांच्या डब्यात, आहे ते बदलून, व्होल्टेज बाकीच्यांशी जुळवून गाडी पुन्हा रस्त्यावर येते. पॅकमध्ये फोम ओतून सगळं एकजीव केलेलं असेल, जसं काही नव्या आराखड्यांत करतात, तर एका गटासाठी अख्खी पेटी बदलावी लागते, आणि दहा वर्षांच्या गाडीच्या बाबतीत याचा अर्थ गाडी संपली.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या तांत्रिक नियमाने बॅटरीने किती टिकावं याची रेषा आखली: ५ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरला ८० टक्के, ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरला ७० टक्के. आठव्या वर्षी ही रेषा संपते, आणि अगदी तिथेच पहिली गाडी घेणाऱ्याची पाळी सुरू होते. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून विजेच्या गाड्यांच्या बॅटरीला पासपोर्ट, म्हणजे तिच्या माहितीची डिजिटल नोंद, लागणार आहे. त्यात नुसती एक टक्केवारी देऊन भागणार नाही. जुनी गाडी पाहायला आलेल्याला प्रत्येक सेलगटाचं व्होल्टेज, उभ्या गाडीत आणि पूर्ण भार दिलेला असताना, कंपनीच्या लॉगिनशिवाय वाचता यायला हवं. ९५ गट एका पातळीवर आणि एकच गट भार पडताच ०.२ व्होल्टने खाली बसत असेल तर ते एका मॉड्यूलचं काम आहे, किंमत पाडून गाडी घ्यावी. सगळेच गट सारखे थकलेले असतील तर पॅकचं वय झालंय, तिथे मॉड्यूल बदलून काही साधणार नाही. आणि आकडे दाखवायला विकणारा तयार नसेल, तर गाडी कितीही चकचकीत असो, पुढची बघावी.